सरकारी बांधकाम आणि कायदेमंडळाचा पहारा

घर पहावें बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्यानें प्रथम उच्चारली त्यानें स्वतः निदान एक माडी तरी चढविली असली पाहिजे. गवंडी सांगतो एक आणि होतें दुसरें. मृगापूर्वीं चढावयाचीं कौलें दिवाळीनंतर चढतात. आणि वडील मंडळींनीं ठरविलेला आंकडा जोत्यापासून आढ्यापर्यंत पोंचतां पोंचतां दीडपट झालेला असतो. तरी पण घरच्या बांधकामांत एक सोय असते. पैसा ज्याचा तोच मालक, आणि तो मालक रोज सकाळीं विटांच्या ढिगाशेजारीं येऊन उभा राहतो. चार भाऊ एकत्र असले तर एकाच्या नजरेंतून निसटलेलें दुसऱ्याच्या नजरेस येतें, आणि रात्रीं जेवणें उरकल्यावर खर्चाची वही सर्वांपुढें उघडली जाते. सरकारी बांधकामांत मालक कोट्यवधि, पैसा त्या सर्वांचा, आणि विटांच्या ढिगाशेजारीं उभें राहण्याचें काम त्यांनीं आपल्या प्रतिनिधींवर सोंपविलेलें. ते प्रतिनिधी तेथें खरोखर उभे राहतात काय, आणि राहूं म्हटलें तर कायद्यानें त्यांना जागा कोठें ठेविली आहे, एवढाच आजच्या लेखाचा विषय. विषय रुक्ष आहे हें मला ठाऊक आहे. परंतु ज्या घरांत किराण्याच्या यादीवर चर्चा होते त्या घरांत या यादीवरही एकदां व्हावी.

राजाच्या पैशावर पहारा ठेवण्याची कल्पना आपणांस परकी नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सरकारी द्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दाखविले आहेत. वर्षाचे हिशेब आषाढांत सादर करावे, हिशेबनीसांनीं मोहोरबंद वह्या आणि शिल्लक घेऊन यावें, आणि तपासणी होईपर्यंत त्यांना एकमेकांशीं बोलूं देऊं नये, इतकी बारीक व्यवस्था त्यानें लावली आहे. परीक्षेच्या वर्गांत ज्यांनीं पहारे केले आहेत त्यांना या शेवटच्या नियमाचें मर्म निराळें समजावून सांगावयास नको. मात्र कौटिल्याचा पहारा राजाचा आणि राजाकरितां होता. ज्यानें कर भरला त्याला वही पाहण्याचा अधिकार आहे, ही कल्पना त्यांत नाहीं. ती आपल्या देशांत फार उशिरां आणि फार कष्टानें आली.

१८९२ च्या कायद्यानें कायदेकौन्सिलांतील सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची परवानगी मिळाली. मत देण्याची मिळाली नाहीं. म्हणजे जेवणाच्या पंक्तीस बसावें, पदार्थांची चर्चा करावी, पण वाढप्याचा हात धरूं नये, असा तो प्रकार होता. या अपुऱ्या अधिकाराचाही केवढा उपयोग करतां येतो हें २६ मार्च १९०२ रोजीं कलकत्त्यास नामदार गोखले यांनीं दाखविलें. सरकारजवळ शिल्लक उरते ती भरभराटीमुळें नव्हे, गरज नसतां कर चढे ठेवल्यामुळें, हें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांनीं सिद्ध केलें. त्या आंकड्यांमागें एका शाळामास्तराचे श्रम होते, हें मी अंमळ अभिमानानें नमूद करतों. सोलापुरास हेडमास्तर असलेले गणेश व्यंकटेश जोशी यांनीं सरकारी निळ्या पुस्तकांतून वर्षानुवर्षें आंकडे वेंचून ठेविले होते, आणि गोखल्यांना त्यांचें साहाय्य मिळत असे. मिठावरील कर तेव्हां मणामागें अडीच रुपये होता. तो १९०३ सालीं दोन, १९०५ सालीं दीड आणि १९०७ सालीं एक रुपयावर आला. मतदान एकदांही झालें नाहीं. अभ्यास करून बोललेल्या माणसाचें बोलणें टाळतां आलें नाहीं, एवढेंच झालें.

मत देण्याचा अधिकार आला तो १९१९ च्या कायद्यानें. प्रांतिक कौन्सिलांत तो १९२१ पासून अमलांत आला. परंतु त्यांतही खाचाखोचा होत्या. खातीं दोन प्रकारचीं: सोंपीव आणि राखीव. सोंपीव खातीं लोकनियुक्त मंत्र्यांकडे. राखीव खातीं गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. राखीव खात्याची मागणी कौन्सिलनें नाकारली तरी, खर्च आवश्यक आहे असा दाखला देऊन गव्हर्नरास ती पुन्हां घालतां येत असे. आणि कर्जाच्या व्याजाची रक्कम तर मतास टाकावयाचीच नाहीं, असा स्पष्ट नियम होता. हा व्याजाचा नियम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण ज्याला मोठें बांधकाम कौन्सिलच्या हातून सोडवावयाचें आहे त्यानें तें कर्ज काढून करावें, ही वाट त्यांतून आपोआप निघते.

मुंबईच्या बॅकबे भरणीची कथा ही या सर्व खाचाखोचांची उत्तम शिकवणी आहे. कुलाब्यापासून मलबार टेंकडीपर्यंत जी अर्धवर्तुळाकार खाडी आहे ती भरून जमीन करावी, ही कल्पना जुनी. १८६३-६४ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाला सोन्याचा भाव आला असतां याच कामासाठीं एक कंपनी निघाली होती. तिचे भाग दर्शनी किमतीच्या कित्येक पट भावानें विकले गेले, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच कंपनी आणि तिच्याबरोबर मुंबईंतील पुष्कळ घरंदाज पेढ्या बुडाल्या. पहिलें महायुद्ध संपल्यावर पुन्हां तशीच भरभराट आली. जागेच्या किमती गगनास भिडल्या, आणि १९१८ च्या अखेरीस गव्हर्नर म्हणून आलेले सर जॉर्ज लॉइड यांनीं तीच कल्पना सरकारी पैशानें तडीस नेण्याचें मनांत घेतलें. ११४५ एकर समुद्र भरावयाचा. कुलाब्याच्या पूर्वेस बंदर आहे. तेथील तळचा चिखल यंत्रनौकेनें उपसावयाचा, नळांतून कुलाबा ओलांडून पश्चिमेस आणावयाचा, आणि दगडी भिंतीच्या आड सोडावयाचा. सर जॉर्ज बुकॅनन या विलायती इंजिनियरानें खर्चाचा अंदाज चार कोटींच्या आंत बसविला. जमीन विकून कर्ज फिटेल, वर नफा उरेल, कर द्यावा लागणार नाहीं, असा हिशेब होता. या एका कामासाठीं आणि कामगारांच्या चाळींसाठीं १९२० सालीं स्वतंत्र डेव्हलपमेंट खातें निघालें आणि कर्ज उभारलें गेलें.

तारखांकडे लक्ष द्यावें. योजना मंजूर झाली आणि खातें निघालें तें १९२० सालीं. मागण्यांवर मत देण्याचा अधिकार असलेलें कौन्सिल भरलें तें १९२१ सालीं. नव्या सभासदांच्या ताटांत जो पदार्थ आला तो आधींच वाढून झालेला होता. त्यांच्या हातीं उरलें तें प्रश्न विचारणें.

इकडे समुद्रावर काय चाललें होतें? यंत्रनौका ताशीं जितका चिखल उपसील असें गृहीत धरलें होतें तितका तिच्यानें उपसेना. जो आला तो भिंतीच्या दगडांच्या फटींतून पुन्हां समुद्रांत पाझरूं लागला. पांढऱ्या कागदावर जें गणित सुटलें होतें तें ओल्या चिखलांत सुटेना. अंदाज पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच सात कोटींच्या घरांत गेला, आणि तोही पुढें अपुराच ठरला. तेवढ्यांत युद्धोत्तर तेजी ओसरली. ज्या जमिनीच्या किमतीवर सर्व मदार, त्या जमिनीला गिऱ्हाईक दिसेना. कर्जाचें व्याज मात्र भरती-ओहोटी पाहत नाहीं. लोक या योजनेला लॉइडसाहेबांचा वेडेपणा म्हणूं लागले. साहेब १९२३ च्या अखेरीस मुदत संपवून विलायतेस गेले होते.

याच खात्याच्या चाळींची गोष्टही येथेंच सांगतों, कारण त्या पुष्कळांनीं पाहिल्या असतील. कामगारांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधावयाच्या होत्या. मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या गांठीमागें एक रुपया जकात बसवून त्याचा कांहीं भार उचलावयाचा होता. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी या चार ठिकाणीं मिळून २०७ चाळी आणि सुमारें सोळा हजार खोल्या झाल्या. प्रथम प्रथम भाडें परवडेना आणि गिरणीही लांब, म्हणून त्यांतील कित्येक खोल्या ओस पडल्या. कायदेभंगाच्या चळवळींत वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला! पुढें याच चाळींत तीन तीन पिढ्या नांदल्या हें खरें, आणि २०१७ सालीं त्यांच्या पुनर्विकासाचें भूमिपूजनही झालें. पण ज्या गरजेचा आंकडा घेऊन त्या बांधल्या तो आंकडा ज्यांच्यासाठीं बांधल्या त्यांना कोणी विचारला नव्हता.

कौन्सिलांत १९२३ च्या निवडणुकीनंतर स्वराज्य पक्षातर्फे जे सभासद आले त्यांत खुर्शेद फ्रामजी नरिमन हे तरुण पारशी वकील होते. गव्हर्नराचा दाखला त्यांना फिरवितां येत नव्हता, व्याजावर मत देतां येत नव्हतें. म्हणून त्यांनीं वकिलाची रीत धरली: कागद गोळा करणें, तारखा ताडून पाहणें, प्रश्नाच्या उत्तरांतून पुढचा प्रश्न काढणें, आणि सभागृहांत जें उत्तर टाळलें जाईल तें वर्तमानपत्रांतून पुन्हां विचारणें. हा ओरडा इतका वाढला कीं १९२६ सालीं अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीसमिति नेमावी लागली. तीवर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हेही सभासद होते, हें विशेष. चिखल, पाणी आणि दगड यांच्याविषयीं त्यांना कोणी फसवूं शकेल असें नव्हतें. समितीनें मूळ अंदाजांवर कडक टीका केली, आणि योजना आंखडती घेण्यांत आली. आठ भागांपैकीं चारच भाग पुरे झाले. सुमारें ४४० एकर जमीन निघाली, आणि तींतील २३५ एकर लष्करानें घेतली.

चौकशीसमितीपुढील जबानींत नरिमन यांनीं हार्वे नांवाच्या एका इंजिनियराच्या सचोटीवर आक्षेप घेतला. त्यानें अब्रूनुकसानीची फिर्याद केली. खटला गाजला, सरकारी खात्याचे कागद न्यायासनापुढें आले, आणि १९२८ सालीं नरिमन निर्दोष सुटले. मला या हकीकतींत एक गोष्ट नेहमीं विचार करावयास लावते. अंदाजपत्रकावर पहारा ठेवण्यासाठीं जें कौन्सिल होतें तेथें जें उघड झालें नाहीं, तें उघड होण्यासाठीं एका सभासदाला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहावें लागलें. सर्वांना तें साधणार नाहीं, आणि सर्वांकडून त्याची अपेक्षा करणेंही रास्त नव्हे. म्हणूनच रीतीच अशा हव्यात कीं साध्या माणसालाही पहारा करतां यावा.

आतां आपल्या काळाकडे येऊं. राज्यघटनेच्या २०२ ते २०६ या कलमांनीं गव्हर्नराचा तो दाखला नाहींसा केला. विधानसभेच्या मंजुरीवांचून राज्याच्या एकत्रित निधींतून पैसा काढतां येत नाहीं. व्याजाची रक्कम अजूनही मतास पडत नाहीं. तीवर चर्चा मात्र करतां येते. अधिकार पुरा आहे. परंतु अधिकार असणें आणि तो वापरावयास फुरसत असणें या भिन्न गोष्टी होत. मार्चच्या अधिवेशनांत थोड्या दिवसांत सर्व खात्यांच्या मागण्या उरकावयाच्या असतात. ज्यांवर बोलणें झालें नाहीं त्या अखेरच्या दिवशीं एकदम मतास टाकतात. पुन्हां पावसाळ्यांत आणि नागपुरास हिवाळ्यांत पुरवणी मागण्या येतात. पुरवणी म्हणजे वस्तुतः अकल्पित खर्चाची सोय. जुलै २०२४ मध्यें महाराष्ट्रांत एकाच वेळीं ९४,८८९ कोटी रुपयांची पुरवणी मांडली गेली. ज्या गृहिणीनें महिन्याचा हिशेब करून दिला तिनेंच दहा तारखेस पुन्हां हात पुढें केला तर घरांत काय बोलणें होईल, तें मी लिहीत नाहीं.

इमारतीच्या बाबतींत तर खरा निर्णय सभागृहाच्या बाहेरच होतो. आधीं प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग काम सुरू करण्याचा हुकूम, आणि काम चालू असतां मोजमापाची वही. सभागृहापुढें येते ती एका ओळीची तरतूद: कामाचें नांव, एकूण किंमत, यंदाची रक्कम. खर्च वाढला कीं खातें सुधारित प्रशासकीय मान्यता घेतें. ही सुधारणा सरकार स्वतःच करतें. तिच्यासाठीं विधानसभेचें निराळें मत लागत नाहीं. वाढलेली किंमत दरसालच्या तरतुदींतून थेंबाथेंबानें सभागृहापुढें येते, आणि थेंब मोजणारा कोणी नसतो. भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणास १९८३ सालीं मान्यता मिळाली तेव्हां किंमत ३७२ कोटी होती. पुढील सुधारणांनीं ती ७,७७७ कोटींवर, आणि नंतर १८,४९४ कोटींवर गेली. महागाई, भूसंपादनाचा वाढता मोबदला, पुनर्वसन, कामाचा वाढलेला व्याप, हीं कारणें खोटीं नव्हेत. परंतु बॅकबेंतही प्रत्येक वाढीला कारण होतेंच. विदर्भांतील ज्या शेतकऱ्याला अडीच लाख हेक्टरांच्या ओलिताचें वचन मिळालें होतें, त्याचा मुलगा बापाच्या वयाला आला तरी कालव्याचें काम चालूच होतें. २०१२ सालीं सरकारला सिंचनाविषयीं श्वेतपत्रिका काढावी लागली आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी नेमावी लागली, ती हा सर्व पैसा खर्च होऊन गेल्यावर.

मोठ्या धरणाचें राहूं द्या. मी ज्या तालुक्याच्या गांवीं शिकवीत होतों तेथें शाळेच्या चार नव्या वर्गांचें भूमिपूजन झालें. हार, नारळ, भाषणें, सर्व कांहीं झालें. जोतें उठलें आणि काम थांबलें. तीन पावसाळे त्या जोत्यावर गवत वाढलें आणि गांवच्या शेळ्या चरल्या. सातवीचा वर्ग देवळाच्या सभामंडपांत भरत असे; आरतीच्या वेळीं मुलें पाटी आवरून उभीं राहत. मला वाटे, ठेकेदार पळाला असेल. एके दिवशीं कचेरींतील एका सज्जन कारकुनानें मला छापील पुस्तक काढून दाखविलें. आमच्या शाळेचें नांव त्यांत होतें, किंमतही होती, त्या सालच्या तरतुदीच्या रकान्यांत मात्र एक नाममात्र आंकडा होता. नांव पुस्तकांतून गळूं नये एवढ्यापुरता. 'मास्तर, नांव आहे म्हणजे काम जिवंत आहे,' असें तो म्हणाला. अशीं जिवंत कामें त्या पानावर पुष्कळ होतीं. प्रत्येक गांवाला भूमिपूजन मिळालें होतें आणि छप्पर फारच थोड्यांना. सभागृहांत त्या पानावर कोणी बोललें होतें काय, याचा मीं पुढें शोध केला, नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर तोंवर मीं स्वतःही तें पुस्तक कधीं पाहिलें नव्हतें, आणि नागरिकशास्त्र तर मीच शिकवीत होतों.

पहाऱ्याची दुसरी चौकी म्हणजे समित्या. अंदाज समिति खर्चांत काटकसर कशी होईल तें पाहते. लोकलेखा समिति झालेला खर्च मंजुरीप्रमाणें झाला कीं नाहीं तें तपासते. आपल्या देशांत मध्यवर्ती कायदेमंडळांत ती १९२१ पासून आहे, आणि हल्लीं तिचें अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. घटनेच्या १५१ व्या कलमान्वयें महालेखापरीक्षकांचा अहवाल राज्यपालांकडे आणि तेथून विधिमंडळापुढें येतो, आणि तोच समितीचा मुख्य आधार. सचिवांना साक्षीस बोलावून 'हें असें कां झालें' असें विचारण्याचा अधिकार या समितीस आहे, आणि तेथें पक्षाचा अभिनिवेश पुष्कळ कमी असतो असें म्हणतात. दोष दोन. एक, ती पाहते तें सर्व झाल्यावर. जोतें वांकडें गेलें हें तिला छप्पर चढल्यावर कळतें. दुसरा, बैठका बंद दाराआड. त्यांत अहवाल बहुधा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशीं मांडला जातो, म्हणजे सभासद गाडीची वेळ पाहत असतात तेव्हां. माझ्या मतें ठराविक मर्यादेपलीकडे किंमत वाढली कीं सुधारित मान्यतेपूर्वीं तें काम समितीपुढें आलेंच पाहिजे, एवढा एक नियम झाला तरी पुष्कळ होईल. बॅकबेचे चार कोटींचे सात झाले तेव्हां, काम थोडें झालें असतां, कौन्सिलला थांबवितां आलें असतें तर मुंबई इलाख्याच्या शेतकऱ्यानें समुद्राच्या चिखलाचें व्याज भरलें नसतें.

त्या भरणीचा पुढचा इतिहास वाचकांस ठाऊक आहेच. पुऱ्या झालेल्या भागावर मरीन ड्राइव्ह उठला. स्वातंत्र्यानंतर आणखी समुद्र भरला गेला, आणि त्या टोंकाला जें नांव मिळालें तें लॉइडसाहेबांचें नव्हे, नरिमन यांचें. १९८१ सालीं महाराष्ट्राच्या विधान भवनाची नवी इमारत उभी राहिली तीही याच बॅकबे भरणीच्या वस्तींत. अंदाजपत्रक मंजूर करण्यासाठीं आमदार जेथें जमतात त्या भागाचें नांव नरिमन पॉइंट.

गेल्या महिन्यांत हा लेख लिहावयास घेतला तेव्हां नातवानें संगणकावर सार्वजनिक बांधकाम खात्याचें अंदाजपत्रकाचें पुस्तक शोधून काढलें. तें मराठींत आहे आणि कोणालाही फुकट पाहतां येतें. आम्हीं दोघांनीं आमच्या तालुक्याचीं कामें काढून वहींत उतरलीं, आणि ज्यांच्यापुढें नाममात्र आंकडा आहे त्यांवर तांबडी खूण केली. सूनबाई म्हणाली कीं त्यांतील एका रस्त्याचा फलक तिनें चार वर्षांपूर्वीं पाहिला होता. वही आमदारांकडे पोस्टानें धाडली आहे, आणि प्रत्येक तांबड्या खुणेपुढें एकच प्रश्न लिहिला आहे: हें काम कोणत्या सालीं पुरें व्हावयाचें? उत्तर अद्याप आलेलें नाहीं. अधिवेशन सुरू होण्यापूर्वीं दुसरें पत्र पाठवावयाचें आहे. त्याची नक्कल नातवानें करून ठेविली आहे.